‘किती व्होल्टचा?’ : सुटे भाग विकत घेण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने पाण्याची टाकी भरल्याची सूचना देणारे यंत्र मांडले होते. टाकी भरली की दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. यंत्राला लागणारा ५ व्होल्टचा वीजपुरवठाही त्याने स्वतःच बनवला होता. घरी ते आठवडाभर बिनतक्रार चालले होते. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी त्याने वीजपुरवठ्याची पिन भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचली, पण यंत्राची वायर सोडवून ठेवली. परीक्षक आले की जोडू, असा त्याचा विचार. तास-दीड तासाने खोक्यातून ‘फट्’ असा मोठा आवाज आला, धूर निघाला आणि तिखट वास वर्गभर पसरला. त्या क्षणी खोक्यावर कुणी वाकलेले नव्हते हे नशीबच.

मुलाने आम्हाला आकृती दाखवली. ती पुस्तकातून घेतलेली होती आणि बरोबर होती. जोडणीही आकृतीबरहुकूम होती. “मला इलेक्ट्रॉनिक्स जमत नाही, सर,” एवढेच तो खाली मान घालून म्हणाला. फुटला होता तो कपॅसिटर. त्याच्या सालीवर छापले होते : १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट. हा कसा निवडलास, असे विचारल्यावर खरेदीची हकिगत कळली. दुकानदाराने विचारले होते, “किती व्होल्टचा?” ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा, म्हणून हा म्हणाला, “बाराचा.” दुकानदार म्हणाला, “बाराचा येत नाही, सोळाचा देतो.” दोघांच्याही दृष्टीने व्यवहार चोख झाला होता.

चूक खरेदीच्या चिठ्ठीत होती. तीत ‘कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड’ एवढेच लिहिलेले होते. अशी अर्धवट चिठ्ठी घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलेले विद्यार्थी, आणि शिक्षकही, आपण नेहमी पाहतो. यंत्र बिघडले की दोष हाताला दिला जातो. म्हणूनच सुटे भाग विकत घेण्यापूर्वी काय तपासायचे, हे या लेखात पाहू या. उदाहरण म्हणून याच मुलाचा वीजपुरवठा घेऊ.

मूल्य आणि सहनशक्ती

विहिरीचा दोर आणायला आपण बाजारात जातो तेव्हा दोन गोष्टी पाहतो. दोर किती हात लांब हवा, आणि किती वजन पेलणारा हवा. भरलेली बादली १५ किलोची असेल तर बरोबर १५ किलोला तुटणारा दोर कुणी आणत नाही. बादली कधी कपारीत अडकते, कधी दोन जण मिळून हिसका देतात. त्या हिसक्यासाठी राखीव ताकद ठेवावी लागते.

इलेक्ट्रॉनिक भागांचेही असेच असते. प्रत्येक भागाला दोन प्रकारचे आकडे असतात. पहिला आकडा मूल्याचा. रेझिस्टर किती ओहमचा, कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा. आकृतीत बहुधा हाच असतो. दुसरा आकडा सहनशक्तीचा. किती व्होल्ट, किती अँपिअर, किती वॅट, किती तापमान तो सोसेल. हा आकडा आकृतीत अनेकदा नसतो आणि खरेदीच्या वेळी विसरला जातो. १०० ओहमचा साधा पाव वॅटचा रेझिस्टर १२ व्होल्टला जोडून पाहा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे १४४ भागिले १००, म्हणजे १.४४ वॅट उष्णता त्यात निर्माण होईल. ओहम अचूक असूनही तो काही क्षणांत काळा पडेल.

बाराचे वीस कसे झाले?

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हे प्रत्यावर्ती, म्हणजे एसी दाबाचे वर्गमाध्यमूळ मूल्य असते. तरंगाचा माथा त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट असतो. चार डायोडच्या पुलातून जाताना एका वेळी दोन डायोड वाटेत येतात. त्यांत मिळून सुमारे १.५ व्होल्ट खर्ची पडतात. उरलेल्या १५.५ व्होल्टपर्यंत कपॅसिटर भरतो. म्हणजे सगळे सुरळीत असतानाही १६ व्होल्टचा कपॅसिटर अगदी काठावर होता.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा पूर्ण भार जोडलेला असतानाचा असतो. भार काढून घेतला की दाब वाढतो. लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये ही वाढ २० टक्क्यांपर्यंत सहज असू शकते. शिवाय घरातले २३० व्होल्ट दिवसभर २३० राहत नाहीत, कमीजास्त होतात. ट्रान्सफॉर्मरचा दाब २० टक्के वाढला आणि त्यातच घरातला दाब ५ टक्के चढला, तर १२ चे सुमारे १५ व्होल्ट होतात, त्याचा माथा २१ व्होल्टवर जातो आणि डायोडची वजावट करूनही कपॅसिटरवर २० व्होल्ट येतात. घरी यंत्र जोडलेले असे, म्हणून दाब खाली राहिला. प्रदर्शनात वायर सोडवली आणि तो वर चढला. मुलाने काळजीपूर्वक यंत्र बंद ठेवले, आणि नेमकी तीच गोष्ट कपॅसिटरच्या मुळावर आली.

मागणी आधी, खरेदी नंतर

तेव्हा दुकानात जाण्याआधी वहीत हिशेब करायचा. आपल्याला ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त अर्धा अँपिअर, म्हणजे ५०० मिलिअँपिअर हवे आहेत असे समजू. हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करावा.

शेवटी ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर आहे. त्याच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, १ अँपिअरहून जास्त प्रवाह आणि ३५ व्होल्टपर्यंत आत येणारा दाब असे आकडे दिसतात. ते वाचून वाटते की आपले काम आरामात होईल. पण हे दोन आकडे एकाच वेळी वापरण्यासाठी नाहीत. रेग्युलेटर जास्तीचा दाब स्वतःत जिरवतो आणि त्याची उष्णता होते. आत सरासरी १३ व्होल्ट येत असतील आणि बाहेर ५ जात असतील, तर ८ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे ४ वॅट उष्णता झाली. उघड्या ७८०५ साठी अनेक माहितीपत्रकांत दर वॅटला ६५ अंश तापमानवाढ दिलेली असते. ४ वॅटला २६० अंश! आतल्या सिलिकॉनची मर्यादा मात्र १२५ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात इतके तापण्याआधीच रेग्युलेटर स्वतःला बंद करून घेतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, आणि मुले वायरी हलवून सैल जोड शोधत बसतात.

म्हणून ट्रान्सफॉर्मर १२ ऐवजी ९ व्होल्टचा घेऊन पाहू. माथा १२.७ व्होल्ट, डायोडची वजावट करून ११.२. पण ७८०५ ला बाहेर ५ व्होल्ट देण्यासाठी आत किमान ७ व्होल्ट लागतात, आणि तेही प्रत्येक क्षणी. दोन माथ्यांच्या मधल्या काळात कपॅसिटर रिकामा होत असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून पुलानंतर सेकंदाला १०० माथे येतात. दोन माथ्यांत एक शतांश सेकंद. एवढ्या वेळात अर्धा अँपिअर प्रवाह ०.००५ कूलोम प्रभार काढून नेतो. १००० मायक्रोफॅरड म्हणजे ०.००१ फॅरड. भागाकार केला की ५ व्होल्ट. दाब ११.२ वरून ६.२ वर उतरतो. सातच्या खाली, म्हणजे नापास. २२०० मायक्रोफॅरड घेतला तर घसरण २.३ व्होल्टच होते आणि तळ ८.९ वर राहतो.

आता सगळ्या वाईट गोष्टी एकदम घडल्या तर? घरातला दाब १० टक्के कमी झाला, तर माथा ९.९ वर येतो. या प्रकारच्या कपॅसिटरचे मूल्य छापलेल्यापेक्षा २० टक्क्यांनी कमीजास्त असू शकते. २२०० चा प्रत्यक्षात १७६० निघाला तर घसरण २.८ व्होल्ट होते. उरले ७.१. काठावर पास, पण पास. त्याची व्होल्टमर्यादा किती हवी? भार नसताना आणि घरातला दाब १० टक्के जास्त असताना ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरनेही कपॅसिटरवर १५ व्होल्टच्या पुढे येऊ शकतात. म्हणून १६ चा नको. त्यापुढचा प्रमाणित आकडा २५ व्होल्ट, तो घ्यावा.

सरासरी १० व्होल्ट आत आले तर रेग्युलेटरमध्ये २.५ वॅट उष्णता होते. तरीही ॲल्युमिनियमचा हीट सिंक हवाच. दर वॅटला १५ अंश तापणारा हीट सिंक घेतला आणि रेग्युलेटरच्या आतून पाठीपर्यंतचे दर वॅटचे ५ अंश त्यात मिळवले, तर वाढ ५० अंश होते. खोक्यातली हवा ४५ अंशांची धरली तरी ९५. हे चालेल.

उरले दोन भाग. डायोडसाठी १एन४००७ घ्यावा. तो १ अँपिअरचा आहे आणि उलटा दाब १००० व्होल्टपर्यंत सोसतो. ट्रान्सफॉर्मर मात्र अर्ध्या अँपिअरचा घेऊन चालणार नाही. कपॅसिटर सतत भरला जात नाही. माथ्याजवळच्या थोड्या वेळात तो मोठ्या घोटांनी प्रवाह ओढतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातला प्रवाह बाहेर मिळणाऱ्या डीसी प्रवाहाच्या पावणेदोन पटींच्या आसपास धरतात. म्हणून ९ व्होल्ट, १ अँपिअर.

माहितीपत्रक कसे वाचावे?

सुट्या भागाचे माहितीपत्रक आज मोबाइलवरही मिळते. उत्पादक कंपन्या ती आपल्या संकेतस्थळांवर फुकट ठेवतात. इंग्रजीतली ती दहा-वीस पाने पाहून शिक्षकही बिचकतात. सगळी पाने वाचण्याची गरज नसते. चार जागा पुरतात.

पहिली जागा ‘ॲब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज’ या नावाच्या तक्त्याची. यातले आकडे काम करण्यासाठी दिलेले नसतात. यापुढे गेलात तर भाग कायमचा खराब होऊ शकतो, असा तो इशारा असतो. आपली मागणी या आकड्यांच्या बरीच खाली असावी. आम्ही स्वतः साधारणपणे दाब आणि प्रवाह कमाल मर्यादेच्या दोन तृतीयांशापर्यंतच जाऊ देतो.

दुसरी जागा ‘मिनिमम, टिपिकल, मॅक्सिमम’ या तीन रकान्यांची. नजर मधल्या रकान्याकडे जाते, कारण तो आकडा आकर्षक असतो. पण टिपिकल म्हणजे साधारणपणे आढळणारे मूल्य. तुमच्या हातातला भाग तसाच असेल अशी हमी नाही. हमी असते ती कडेच्या दोन रकान्यांत. बीसी ५४७ या शाळांत फार वापरल्या जाणाऱ्या ट्रान्झिस्टरची प्रवाहवर्धन क्षमता ११० ते ८०० यांच्यात कुठेही असू शकते. नावापुढे ए, बी किंवा सी अक्षर असेल तर पट्टा लहान होतो. एका मुलाचे यंत्र चालते आणि शेजारच्याचे तसेच यंत्र चालत नाही, याचे कारण अनेकदा इथे सापडते. मंडल आखताना ११० धरावे.

तिसरी जागा ‘टेस्ट कंडिशन्स’, म्हणजे कोणत्या परिस्थितीत मोजले. वरची वर्धन क्षमता २ मिलिअँपिअरला मोजलेली असते. आता त्याच ट्रान्झिस्टरने ५ व्होल्टचा रिले चालवायचा आहे असे समजा. रिलेच्या वेटोळ्याचा रोध ७० ओहम असेल तर प्रवाह ७१ मिलिअँपिअर होतो. बीसी ५४७ ची कमाल मर्यादा १०० मिलिअँपिअर. बसते खरे, पण आपल्या दोन तृतीयांशाच्या नियमापलीकडे जाते, आणि एवढ्या प्रवाहाला वर्धन क्षमताही कमी झालेली असते. इथे बीसी ३३७ घ्यावा. तो निदान ५०० मिलिअँपिअरचा आहे. आणि रिलेच्या वेटोळ्यावर एक डायोड उलटा जोडायला विसरू नये. रिले बंद होताना वेटोळे दाबाची मोठी उसळी मारते आणि बीसी ५४७ ची मर्यादा ४५ व्होल्टच आहे.

परिस्थितीत तापमानही येते. बहुतेक आकडे २५ अंश सेल्सिअसला दिलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात विदर्भातल्या वर्गात ४५ अंश असतात, आणि बंद खोक्यात त्याहून जास्त. २५ अंशांना ५०० मिलिवॅट सोसणारा बीसी ५४७ हवा ४५ अंशांची असली की ४२० मिलिवॅटच्या आसपासच सोसतो.

चौथी जागा पायांच्या आकृतीची. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात. तसाच दिसणाऱ्या २एन३९०४ चे पाय मात्र एमिटर, बेस, कलेक्टर असे. २२२२ या अंकांनी ओळखल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या ट्रान्झिस्टरमध्ये तर पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए यांचे पाय एकमेकांच्या उलट आहेत. मधला एक आकडा पाहायचा राहिला की फसगत झालीच. ७८०५ आणि ७९०५ हे जुळे भाऊ दिसतात, पण ७९०५ ऋण दाबाचा आहे आणि त्याच्या पायांचा क्रमही वेगळा आहे.

दुकानात

आता चिठ्ठी पूर्ण लिहिता येईल. कपॅसिटरपुढे लिहायचे : २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट किंवा जास्त, १०५ अंशांचा. अशा चिठ्ठीत ‘किंवा जास्त’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुकानात नेमका भाग नसेल तेव्हा कोणत्या बाजूला सरकायचे हे त्यावरून कळते. व्होल्ट, वॅट आणि अँपिअर यांची सहनशक्ती जास्त असलेली चालते. अडचण असली तर आकाराची आणि किमतीची. मूल्य मात्र आपल्या मर्जीने बदलू नये. दुकानदार म्हणाला, “हा पण चालतो,” तर नाव लिहून घ्यावे, माहितीपत्रक उघडावे, सहनशक्ती आणि पाय ताडून पाहावेत आणि मगच हो म्हणावे. अनुभवी दुकानदाराचा सल्ला मोलाचा असतो, पण आपल्या मंडलात किती प्रवाह वाहणार हे त्याला माहीत नसते.

माठ विकत घेताना आपण तो वाजवून घेतो. ट्रान्झिस्टर असा वाजवता येत नाही. पण मल्टिमीटर बरोबर असेल तर रेझिस्टर आणि डायोड तिथेच तपासता येतात. कपॅसिटर फुगलेला नाही ना, पाय गंजलेले नाहीत ना, छपाई पुसट किंवा खरवडल्यासारखी नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. जुने काढलेले भाग पुन्हा छापून नवे म्हणून विकण्याचे प्रकार जगभर होतात. चाळीस मुलांसाठी भाग घ्यायचे असतील तर आधी दोनच आणावेत, मंडल जोडून तासभर पूर्ण भारावर आणि तासभर भाराशिवाय चालवावे, आणि मगच उरलेले आणावेत.

एक सूचना. २३० व्होल्टचा भाग मुलांच्या हाती देऊ नये. ट्रान्सफॉर्मरची ती बाजू फ्यूजसह शिक्षकांनीच जोडून, झाकून द्यावी. लहान इयत्तांसाठी तर मोबाइलचा ५ व्होल्टचा चांगला तयार चार्जर वापरणेच योग्य. कपॅसिटरची धन-ऋण बाजू तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये, आणि पहिल्यांदा सुरू करताना तोंड लांब ठेवावे.

वर्गासाठी

आठवी ते दहावीच्या वर्गात हा एका तासिकेचा उपक्रम होऊ शकतो. फळ्यावर तीन रकाने आखा : आपली मागणी, भागाची मर्यादा, राखीव किती. प्रत्येक गटाला एक भाग आणि त्याच्या माहितीपत्रकाचे एक पान द्या. सुरुवात एलईडीपासून करावी. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात. ५ व्होल्टमधले उरलेले ३ व्होल्ट ३३० ओहमच्या रेझिस्टरवर पडतात, म्हणजे प्रवाह ९ मिलिअँपिअर. मर्यादा २० धरली तर निम्म्याहून जास्त राखीव. मग विचारा, लालऐवजी पांढरा एलईडी लावला तर? त्यावर ३ व्होल्टहून जास्त पडतात, म्हणजे प्रवाह किती उरेल? मुले ओहमचा नियम पाठ म्हणतात. इथे तो त्यांना खरेदीसाठी वापरावा लागतो. आठवड्याने एखाद्या जळलेल्या भागाची ‘चौकशी’ करायला द्या. तो कोणत्या मर्यादेपलीकडे गेला, हे आकड्यांनी सिद्ध करायचे.

त्या दिवशी प्रदर्शनात आम्ही मुलाला नवा कपॅसिटर दिला नाही. कागद-पेन दिले आणि बारापासून वीसपर्यंतचा हिशेब त्याच्याकडूनच करवून घेतला. शेवटची ओळ लिहून झाल्यावर त्याने विचारले, “मग सर, पंचवीसचा आणला असता तर चाललं असतं?” चालले असते. पण हा प्रश्न त्याने दुकानात जाण्याआधी विचारावा, यासाठी त्याला तो हिशेब शिकवायला हवा होता, आणि ते काम आपले होते.